कॅप्टन विल्यम किड : जहाजावरील हत्या, पुरलेला ऐवज आणि चाचेगिरीची व्याख्या (इ.स. १६९५ ते १७०१)

प्रस्तावना

सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हिंदी महासागरातील व्यापारास युरोपीय चाच्यांच्या उपद्रवाने ग्रासले होते. या काळातील चाच्यांपैकी कॅप्टन विल्यम किड याच्याभोवती जेवढ्या दंतकथा निर्माण झाल्या, तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कोणाभोवती झाल्या असतील. पुरून ठेवलेला खजिना, त्याचा शोध आणि फाशी हीच त्याच्या चरित्राची रूढ रूपरेषा होय. परंतु किडचे प्रकरण केवळ साहसकथेचा विषय नाही. आपल्याच तोफचीशी झालेल्या झटापटीत त्याच्या हातून घडलेली हत्या आणि लपविलेल्या ऐवजाच्या आधारे त्याने सत्ताधाऱ्यांशी केलेली घासाघीस या दोन घटनांमधून तत्कालीन राज्यसत्ता, व्यापारी कंपनी आणि सागरी कायदा यांचे परस्परसंबंध स्पष्ट होतात. या प्रकरणातील निर्णायक घटना कारवार, मलबार आणि सुरत यांच्याशी निगडित असल्याने भारतीय इतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या दोन घटनांचा परामर्श घेऊन ‘चाचा’ ही संज्ञा त्या काळी कशी ठरविली जात होती याचा विचार केला आहे.

मोहिमेची पार्श्वभूमी

इ.स. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले. यात्रेकरूंवर झालेल्या अत्याचारांमुळे मोगल दरबारात संतापाची लाट उसळली. सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना कैदेत ठेवण्यात आले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार धोक्यात आला. खाफीखानाच्या इतिहासग्रंथात या घटनेचे सविस्तर वर्णन आढळते. सर्व इंग्रज चाचेच आहेत, ही समजूत पुसून काढणे ही त्यानंतर कंपनीची मोठीच निकड ठरली.

ही बातमी लंडनला पोहोचण्यापूर्वीच तेथे एक वेगळी योजना आकारास येत होती. न्यूयॉर्क येथे स्थायिक झालेला स्कॉटिश दर्यावर्दी विल्यम किड, वसाहतीतील व्यापारी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि अर्ल ऑफ बेलोमॉन्ट यांच्यात १० ऑक्टोबर १६९५ रोजी करार झाला. चाच्यांना पकडून त्यांच्याजवळील लूट हस्तगत करावी व ती भागीदारांनी वाटून घ्यावी असे या कराराचे स्वरूप होते. खर्चाचा चार पंचमांश भाग बेलोमॉन्टने उभा करावयाचा होता. त्याच्यामागे सॉमर्स, ऑर्फर्ड, रॉम्नी आणि श्रूसबरी हे व्हिग पक्षाचे प्रभावी सरदार होते. २५ मार्च १६९७ पर्यंत लूट हाती न लागल्यास गुंतविलेली रक्कम किड व लिव्हिंग्स्टन यांनी परत करावी, अशी जाचक अटही त्यात होती. फ्रेंच जहाजे पकडण्याचा आणि चाच्यांचा बंदोबस्त करण्याचा असे दोन स्वतंत्र परवाने किडला मिळाले. खलाशांना ठराविक पगार नव्हता. शिकार मिळाली तरच वाटा, अशी व्यवस्था होती. राज्यसंस्थेचे काम खाजगी नफ्याच्या तत्त्वावर सोपविण्यात आले होते. पुढील संघर्षाचे बीज या रचनेतच आढळते.

मलबार किनाऱ्यावरील संघर्ष

‘ॲडव्हेंचर गॅली’ हे ३४ तोफांचे, शिडांबरोबरच वल्ह्यांवरही चालणारे जहाज घेऊन किड सप्टेंबर १६९६ मध्ये न्यूयॉर्कहून निघाला. मादागास्कर व कोमोरो बेटांच्या परिसरात साथीच्या रोगाने त्याचे अनेक खलाशी दगावले. ऑगस्ट १६९७ मध्ये तांबड्या समुद्राच्या मुखाशी मोखाहून परतणाऱ्या ताफ्यावर त्याने नजर ठेवली. परंतु ताफ्यासोबतच्या संरक्षक जहाजामुळे त्याला माघार घ्यावी लागली. त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याने पार्कर नावाच्या इंग्रज कप्तानाचे लहान जहाज थांबविले आणि पार्करला वाटाड्या म्हणून व एका पोर्तुगीजास दुभाषी म्हणून बळजबरीने आपल्याजवळ ठेवले. सप्टेंबर १६९७ मध्ये तो कारवारच्या बंदरात पाणी भरण्यासाठी शिरला, तेव्हा तेथील इंग्रज वखारवाल्यांनी या दोघांची मागणी केली. किडने ते आपल्याजवळ असल्याचे नाकारले. त्याचे काही खलाशी येथेच पळून गेले आणि त्यांच्या तोंडून जहाजावरील वृत्तांत कंपनीला समजला. पुढे गोव्याहून पाठविलेल्या दोन पोर्तुगीज युद्धनौकांशीही त्याची चकमक झाली.

कराराची मुदत केव्हाच उलटून गेली होती. खलाशांच्या हाती काहीही पडले नव्हते. अशा स्थितीत ‘लॉयल कॅप्टन’ हे इंग्रज जहाज दृष्टीस पडले. ते लुटावे असा अनेकांचा आग्रह होता. परंतु किडने इंग्रज जहाजाला हात लावण्यास नकार दिला. या नकारामुळे खलाशांतील असंतोष धुमसत राहिला.

जुन्या इंग्रजी पंचांगानुसार ३० ऑक्टोबर १६९७ रोजी जहाजाचा तोफची विल्यम मूर डेकवर पटाशीला धार लावत बसला असता त्याची व किडची बाचाबाची झाली. किडने त्याला हलक्या शब्दांत कुत्रा म्हणून हिणविले. आपण तसे असलो तर ते किडनेच केले आहे आणि त्याने आपल्यासह अनेकांचे वाटोळे केले आहे, असे मूरने प्रत्युत्तर दिले. संतापलेल्या किडने लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली उचलून मूरच्या डोक्यावर हाणली. दुसऱ्या दिवशी मूर मरण पावला. पुढे आरोपपत्रात या बादलीची किंमत ८ पेन्स अशी नोंदविण्यात आली. इंग्लंडमधील आपले बडे मित्र आपल्याला यातून सोडवतील अशा अर्थाचे उद्गार किडने नंतर काढल्याची साक्ष जहाजाचा शल्यवैद्य ब्रॅडिनहॅम याने दिली.

या प्रसंगास रूढ अर्थाने द्वंद्व म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना शस्त्र नव्हते, आव्हानही नव्हते. तथापि कप्तानाचा अधिकार आणि खलाशांचा हक्क यांच्यातील ती निर्णायक झुंज होती. परवान्याच्या मर्यादेत राहावे तर कर्ज फिटत नाही, आणि मर्यादा ओलांडावी तर फास अटळ, या पेचात किड सापडला होता. मूरने त्याला नेमक्या याच पेचाची जाणीव करून दिली.

‘केदाह मर्चंट’ आणि पहिली घासाघीस

मूरच्या मृत्यूनंतर किडचा संयम फार काळ टिकला नाही. ३० जानेवारी १६९८ रोजी कोचीनजवळच्या समुद्रात त्याने फ्रेंच निशाण दाखवून ‘केदाह मर्चंट’ हे मोठे जहाज पकडले. बंगालहून सुरतेकडे जाणाऱ्या या जहाजावर रेशीम, मलमल, साखर, लोखंड व सोरा असा माल होता. माल प्रामुख्याने अर्मेनियन व्यापाऱ्यांचा होता, मोगल दरबारातील एका अमिराचाही त्यात हितसंबंध होता, कप्तान इंग्रज होता आणि जहाजावर फ्रेंच कंपनीचा परवाना होता. एकाच जहाजावरील ही सरमिसळ तत्कालीन हिंदी महासागरातील व्यापाराचे यथार्थ चित्र होय.

अर्मेनियन व्यापाऱ्यांनी जहाज सोडविण्यासाठी २०,००० रुपये देऊ केल्याचे खटल्यातील साक्षींवरून दिसते. मालाची किंमत त्याहून पुष्कळ अधिक असल्याचे सांगून किडने ती रक्कम नाकारली. कप्तान इंग्रज असल्याचे कळल्यावर जहाज परत करण्याचा विचार आपण मांडला होता, पण खलाशांनी तो मानला नाही, असे किडचे म्हणणे होते. फ्रेंच परवाना हाती असल्याने ही लूट कायदेशीर आहे, असा त्याचा दावा होता.

सुरतेत मात्र या दाव्यास काहीच किंमत नव्हती. गंज-ए-सवाईची जखम ताजी असतानाच ही घटना घडली होती. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी इंग्रज, डच व फ्रेंच या तिन्ही कंपन्यांवर सागरी संरक्षणाची जबाबदारी टाकली. कंपनीने लंडनमध्ये तक्रार नोंदविली. डिसेंबर १६९८ मध्ये शरण येणाऱ्या चाच्यांना राजाने माफी जाहीर केली, तेव्हा एव्हरी आणि किड या दोघांना तीतून नावानिशी वगळण्यात आले.

पुरलेला ऐवज आणि बॉस्टनमधील वाटाघाटी

एप्रिल १६९८ मध्ये मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर किडचे बहुसंख्य खलाशी त्याला सोडून रॉबर्ट कलिफर्ड या चाच्याला जाऊन मिळाले. ‘ॲडव्हेंचर गॅली’ निकामी झाल्याने किड ‘केदाह मर्चंट’ घेऊनच परतीच्या प्रवासास निघाला. एप्रिल १६९९ मध्ये अँग्विला बेटावर पोहोचल्यानंतर आपण चाचा म्हणून घोषित झालो आहोत हे त्यास समजले. हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्याशी मोठे जहाज ठेवून तो एका लहान गलबतातून न्यूयॉर्कच्या दिशेने निघाला.

येथून पुढे दुसरी आणि अधिक गुंतागुंतीची घासाघीस सुरू झाली. किडचा भागीदार बेलोमॉन्ट आता न्यूयॉर्क व मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. किडला पकडणे हे त्याचे शासकीय कर्तव्य होते. परंतु किडने तोंड उघडल्यास त्याच्यासह लंडनमधील सरदारही अडचणीत येणार होते. जून १६९९ मध्ये किडने जेम्स एमट या वकिलास बॉस्टनला पाठविले आणि त्याच्यामार्फत दोन फ्रेंच परवाने बेलोमॉन्टच्या स्वाधीन केले. बेलोमॉन्टने डंकन कॅम्पबेल याच्या हस्ते १९ जूनचे पत्र पाठवून, किडचे म्हणणे खरे असल्यास त्यास भीती नाही, असे आपल्या शब्दाची व प्रतिष्ठेची ग्वाही देऊन कळविले. किडने लेडी बेलोमॉन्टसाठी रत्ने भेटीदाखल धाडली. याच सुमारास लाँग आयलंडजवळील गार्डिनर्स बेटावर त्याने सोन्याचांदीचा काही भाग पुरून ठेवला आणि तो बेटाचा मालक जॉन गार्डिनर याच्या हवाली केला.

हा ऐवज पुरण्यामागील हेतू ध्यानात घेतला पाहिजे. किडला तो कायमचा दडवून ठेवावयाचा नव्हता. वाटाघाटी पूर्ण होईपर्यंत आपल्या हाती काही तारण असावे, एवढाच त्याचा हिशेब होता. परंतु परवाने आधीच दिल्यामुळे त्याची बाजू लंगडी पडली होती. ६ जुलै १६९९ रोजी बॉस्टन येथे त्यास अटक झाली. बेलोमॉन्टने गार्डिनर्स बेटावरील ऐवज तत्काळ मागवून घेतला. ठिकठिकाणांहून जप्त केलेल्या मालात सुमारे १,१०० औंस सोने, २,३०० औंसांहून अधिक चांदी, काही रत्ने, ५७ पोती साखर आणि ४१ गाठी कापड इत्यादी माल होता. मोठे जहाज व त्यावरील माल आपणच आणू शकतो, असे किडने तुरुंगातून सांगून पाहिले. पण बेलोमॉन्टने त्यास सोडले नाही. दंतकथांमधील अगणित खजिन्याच्या तुलनेत प्रत्यक्ष जप्तीची ही यादी बरीच मर्यादित आहे.

खटला आणि शिक्षा

इ.स. १७०० मध्ये किडला इंग्लंडला नेऊन न्यूगेटच्या तुरुंगात ठेवण्यात आले. संसदेत टोरी पक्षास व्हिग सरदारांविरुद्ध पुरावा हवा होता. मार्च १७०१ मध्ये कॉमन्स सभेपुढे उभे केले असता किडने आपल्या आश्रयदात्यांना दोषी ठरविण्याचे टाळले. परिणामी तो टोरींच्या उपयोगाचा उरला नाही आणि व्हिगांनाही त्याची गरज राहिली नाही. त्याच महिन्यात बेलोमॉन्टचा न्यूयॉर्कमध्ये मृत्यू झाला.

८ व ९ मे १७०१ रोजी ओल्ड बेली येथे खटला चालला. सरकारपक्षाने प्रथम मूरच्या हत्येचा आरोप चालविला, हे लक्षणीय आहे. चाचेगिरीच्या आरोपास फ्रेंच परवान्यांचे उत्तर देता आले असते. हत्येच्या आरोपास मात्र परवाना लागू पडत नव्हता. आपण बंड शमवीत होतो हा किडचा बचाव, त्या वेळी बंड चालू नव्हते या साक्षींमुळे टिकला नाही. केवळ शब्द हे प्राणघातक प्रहाराचे समर्थन होऊ शकत नाहीत, असे न्यायाधीश वॉर्ड यांनी ज्यूरीस सांगितले. त्यानंतर जहाजांच्या लुटीच्या आरोपांतही तो दोषी ठरला. किड परवाने वारंवार मागत राहिला. ते न्यायालयापुढे आलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन लेखक राल्फ पेन यास ते लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले.

१२ मे रोजी किडने कॉमन्सचे सभापती रॉबर्ट हार्ली यांना पत्र लिहून, एक लक्ष पौंडांचा ऐवज आपण दाखवून देऊ, त्यासाठी आपणास कैदी म्हणूनच जहाजावरून न्यावे, अशी अखेरची विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही. २३ मे १७०१ रोजी वॉपिंग येथे त्यास फाशी देण्यात आली. पहिल्या वेळी दोर तुटल्याने त्यास पुन्हा लटकवावे लागले. इतरांस जरब बसावी म्हणून त्याचे प्रेत टिलबरी येथे टांगून ठेवण्यात आले. जप्त ऐवजाच्या विक्रीतून आलेली सुमारे साडेसहा हजार पौंडांची रक्कम पुढे ग्रीनिच येथील खलाशांच्या रुग्णालयास देण्यात आली. डिसेंबर २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कॅटालिना बेटाजवळ उथळ पाण्यात सापडलेले अवशेष ‘केदाह मर्चंट’चे असल्याचे इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले.

समारोप

किड निर्दोष होता असे वरील विवेचनावरून सिद्ध होत नाही. पार्करला डांबून ठेवणे, अर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल लुटणे आणि मूरला ठार मारणे ही कृत्ये त्याच्या नावावर आहेत. प्रश्न वेगळा आहे. ज्या सरदारांनी लुटीत वाटा ठरवून मोहीम उभारली, ते संसदेतील महाभियोगातूनही सुटले. ज्याने ती पार पाडली तो फासावर गेला. परवाना हाती असेतो तो राजाचा सेवक होता आणि परवाना दप्तरात अडकताच चाचा ठरला. कृत्याच्या स्वरूपाबरोबरच ते कागद कोणाच्या ताब्यात आहेत यावरही त्याची कायदेशीर ओळख अवलंबून होती.

मराठी वाचकास हा मुद्दा अपरिचित नाही. याच काळात कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे आरमार समर्थ होत होते. जहाजांनी दस्तक घ्यावे हा त्यांचा आग्रह सार्वभौम सत्तेचा सागरी हक्क म्हणून होता; इंग्रज कागदपत्रांत मात्र त्यांस चाचा म्हटले गेले. किड व कान्होजी यांची तुलना कर्तृत्वाच्या वा हेतूच्या दृष्टीने करता येणार नाही. एक नफ्यासाठी निघालेला परवानाधारक होता, दुसरे आपल्या किनाऱ्याचे रक्षक होते. परंतु दोघांनाही एकच शब्द लावणारी लेखणी एकाच व्यापारी हितसंबंधातून चालत होती, हे विसरता येत नाही. म्हणून कंपनीच्या दप्तरातील ‘चाचा’ हा शब्द वाचताना तो कोणी, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने लिहिला याची तपासणी करणे, हे पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाचे अध्ययन व अध्यापन करणाऱ्यांचे आवश्यक कर्तव्य ठरते.