हँगरमध्ये एकच विमान

तुम्ही बसला आहात त्या घडीच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. साल 1985. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं नॉर्मल नावाचं गाव (हो, गावाचं नावच नॉर्मल), कुणाच्या तरी घराचं तळघर, बाहेर बर्फ. टेबलावर उघडा खोका पडलाय, ‘ट्वायलाइट: 2000’ या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाचा. याच गावातल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने तो गेल्या वर्षी काढला. फासे, नकाशा, खोडून खोडून कागद फाटलेली तुमच्या पात्राची नोंद.

खेळातलं जग पंधरा वर्षं पुढचं आहे. महायुद्ध होऊन गेलंय, अणुबॉम्ब पडून गेलेत. जुलै 2000 मध्ये पोलंडमधल्या कालिश शहराजवळ तुमच्या अमेरिकी डिव्हिजनचा धुव्वा उडालाय आणि मुख्यालयाचं शेवटचं म्हणणं एवढंच, की यापुढे ज्याचं त्याने बघावं. पेट्रोल जवळपास संपलंय. ट्रक चालतात ते अल्कोहोलवर, म्हणून तुमच्या टोळीबरोबर चक्क हातभट्टी फिरते. बंदुकीइतकाच तिला पहारा.

खेळ चालवणारा रेफरी पेन्सिल खाली ठेवतो. “हँगरचं दार मोडलेलं आहे. आत एक विमान आहे. कुठलं, ते तुम्ही सांगा. पण मग त्याला सांभाळायचंही तुम्हीच.”

“हॅरियर!” समोरचा पोरगा ओरडतो. या ब्रिटिश लढाऊ विमानाला धावपट्टीच नको, जंगलातल्या मोकळ्या जागेतून सरळ वर. तुम्हालाही पटतं. गोव्यात दाबोळीला 1983 ते 2016 नौदलाची सी हॅरियर होती. त्यांना हवेत जागच्या जागी थबकताना ज्याने पाहिलंय, तो मत दुसऱ्या कशाला देणार?

डोळे मिटा. उघडाल तेव्हा तुम्ही पश्चिम जर्मनीत आहात, ग्युटर्सलोच्या ब्रिटिश तळापासून थोड्या अंतरावर झाडीत. सराव चालू आहे. जाळीखाली हॅरियर उभं आहे, आणि तुमची नजर त्याच्यावर ठरत नाही, कारण मागे ट्रकच ट्रक आहेत. इंधनाचे, दारूगोळ्याचे, सुट्या भागांचे. जमिनीवर धातूच्या पट्ट्या अंथरल्यात, नाहीतर झोताने मातीच उडायची. एक जण टाकीत पाणी भरतोय, तेही शुद्ध केलेलं. जड वजनासकट उभं उतरायचं तर तापलेल्या इंजिनात हे पाणी सोडावं लागतं. सुमारे सव्वादोनशे लिटर मावतं आणि दीड मिनिटात संपतं. मेकॅनिकला विचारा, इंजिन बदलायचं झालं तर? तो वर बोट दाखवतो. आधी अख्खा पंख उचलून बाजूला ठेवायचा, मग खालून नव्हे, वरून इंजिन काढायचं. त्याला क्रेन लागते. धावपट्टी वाचली हे खरं. पण तिच्या बदल्यात एक छोटा कारखाना पाठीवर घेऊन फिरायचं. कालिशच्या त्या जुलैत तुमच्यापाशी आहे एक ट्रक आणि तीन टायर.

पुन्हा डोळे मिटा. तेच 1985, पण आता पोलंड, सरकारी शेतावरची पहाट. पायाला दव लागतंय. समोर दोन मजली, कापड चढवलेल्या पंखांचं बोजड विमान शेपूट टेकून बसलंय. अँतोनव एएन-2. पोलिश लोक त्याला लाडाने ‘आंतेक’ म्हणतात. मूळ सोव्हिएत, पहिलं उड्डाण 1947चं, पण 1960पासून ते इथेच, मिएलेत्सच्या कारखान्यात, हजारोंनी बनतंय. कालिशपासून जेमतेम तीनशे किलोमीटरवर.

इथे जरा थांबा, घाई नाही. दोघं जण पंख्याची पाती हाताने फिरवताहेत, एकेक पातं दमाने. इंजिनाचे नऊ सिलिंडर गोलात बसवलेले आहेत. रात्रभरात खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं, ते न काढता चालू केलंत तर आतला दांडा वाकलाच म्हणून समजा. मग स्टार्टरचं जड चाक फिरायला लागतं. आधी गुणगुण, मग कण्हणं, मग शिटी. कळ ओढली की एक सिलिंडर खोकतो, दुसरा खोकतो, निळा धूर तुमच्या अंगावर येतो आणि हजार अश्वशक्ती एकदम बोलायला लागतात. वरच्या पंखांच्या पुढच्या कडेला लांब झडपा आहेत. वेग उतरला की त्या आपोआप पुढे येतात, वैमानिकाने हात लावायला नको. शेताच्या एका तुकड्यावरून ते उठतं. पिंपातलं इंधन ओढायला पंप विमानातच आहे. डझनभर माणसं बसतात, किंवा एक गाय. आपल्या एसटीच्या लाल डब्याला पंख फुटले असते, तर तो असाच दिसला असता.

म्हणजे ठरलं? मीही इथवर आलो की आंतेकचीच बाजू घ्यायचो. एकदा कागदावर हिशेब मांडला आणि गप्प झालो.

चला, जुलै 2000मध्ये. आंतेक कालिशजवळच्या माळावर उभं आहे आणि तुमची भट्टी पेटली आहे. पेट्रोलवर त्याला ताशी 180 लिटरच्या आसपास लागतात. अल्कोहोलमध्ये दम कमी, त्यामुळे दीडपट धरा, म्हणजे 270 लिटर. टनभर गव्हा-रायपासून अल्कोहोल निघतं साडेतीनशे लिटरच्या थोडं वर. तासभर उडायला साडेसात क्विंटल धान्य! चार माणसांची वर्षाची भाकरी एका तासात धुरात गेली. शिवाय कार्ब्युरेटर बदलून घ्यायचा, रबराची सीलं कुजतात ती बघायची. हे अशक्य नाही. ब्राझीलच्या इपानेमा या फवारणीच्या विमानाला 2004 साली इथेनॉलवर उडायचा परवाना मिळाला. पण त्याच्यामागे उसाचा अख्खा देश उभा होता. तुमच्यामागे आहे एक गाव, आणि गावकरी कणगीच्या दारात काठ्या घेऊन उभे आहेत.

तळघरात आता कुणी बोलत नाही. कोपऱ्यातली मुलगी, जिने संध्याकाळभर फक्त फासे रचले, ती विचारते, “ग्लायडर चालेल?”

सगळे हसतात. तुम्ही हसू नका. कालिशच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर लेश्नो आहे. ग्लायडिंगची जागतिक स्पर्धा तिथे 1958 आणि 1968 साली भरली. तिथल्या शेडमध्ये ‘बोचान’ असणारच. बोचान म्हणजे करकोचा. लाकूड आणि कापड, दोन माणसांची जागा. फाटलं तर सुतार आणि शिंपी पुरे. ट्रकच्या इंजिनावर दोर गुंडाळणारं चाक बसवा. लिटरभर अल्कोहोलमध्ये ते ग्लायडरला तीनशे मीटर वर फेकतं. पुढचं काम उन्हाने तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेचं. आवाज नाही, धूर नाही. खाली कुणाचे रणगाडे कुठे झाकलेत ते तास-दोन तास निवांत बघता येतं.

आणि वर चढणारी हवा संपली की? मग जे शेत समोर येईल त्यात उतरायचं. ते शेत कुणाचं, काठावर कोण उभं, परत न्यायला ट्रक पोचेल की नाही, हे रेफरीच्या हातात. त्याचे डोळे आत्ताच चमकलेत. हॅरियर मिळालं असतं तर एका संध्याकाळात सगळे शत्रू मेले असते आणि पुढच्या शनिवारी कुणी आलंच नसतं.

माझं मत विचाराल तर आंतेक हँगरमध्ये झाकून ठेवा. सगळा गाव एका रात्रीत हलवायची वेळ येईल, तेव्हा एकदाच बाहेर काढा, आणि तोवर त्याच्या नावाने दर आठवड्याला थोडं धान्य राखा. रोजच्या कामाला करकोचा. पुढच्या शनिवारी तुमची पाळी आली, की आधी लांब दोर मागून घ्या.