सरकारने मथळ्याला उत्तर दिलं असतं तर...

६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तला अग्रलेख. मथळा: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. खालचा लेख किती जणांनी वाचलाय, ते विचारू नका.

पण मित्रांनो, मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे टिळकांनी प्रश्न विचारलाय. आणि सरकार दरबारी लेखी प्रश्न आला की आवक रजिस्टरला नोंद होते, पुढे कुणीतरी त्यावर शेरा मारावाच लागतो. मुंबई इलाख्याच्या सरकारने तो प्रश्न खरंच मनावर घेतला असता तर काय झालं असतं?

आधी कलेक्टरने मामलेदाराला कळवलं असतं, "डोके ठिकाणावर आहे किंवा कसे, याची समक्ष पाहणी करून स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा." मामलेदाराने कागद कुलकर्ण्याकडे ढकलला असता. कुलकर्णी दोन पंच घेऊन निघाला असता आणि पहिल्याच वळणावर अडला असता, कारण सरकारचं ठिकाण नेमकं कोणतं? गव्हर्नर साहेब हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात गणेशखिंडीला. ही थट्टा नाही, तेव्हाची रीतच तशी होती. डोकंच वर्षातून तीनदा मुक्काम हलवतंय म्हटल्यावर पंचनाम्यात काय लिहिणार? "समक्ष जाऊन पाहता डोके आढळून आले नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी करता पावसाळ्यात येते असे समजले."

थट्टा बाजूला ठेवू. मथळ्यामागचा प्रसंग थट्टेचा नव्हता. पुण्यात प्लेग होता. घरं तपासायला गोरे सोल्जर घरात शिरत होते आणि त्यांच्या वागण्याने शहर पेटलं होतं. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. गोळी झाडणारे सापडेनात, तेव्हा सरकारने सगळ्या पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. गुन्हा दोघाचौघांचा, बिल गावाला. यावर तो प्रश्न होता. पाठोपाठ दुसरा अग्रलेख आला, 'राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे'.

उत्तर आलं २७ जुलैला. टिळकांना अटक झाली. गंमत बघा, खटला या मथळ्यावर भरलाच नाही. आरोप होता १५ जूनच्या अंकावर. त्यात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत होता आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता. म्हणजे रँडवर गोळी सुटण्याच्या आठवडाभर आधीचा मजकूर! डोक्याबद्दलचा प्रश्न कोर्टात आणला असता तर डोक्याबद्दल बोलावं लागलं असतं. सरकारी वकील एवढे कच्चे नव्हते.

खरी मौज केली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी. कायद्यातल्या 'अप्रीती'चा अर्थ त्यांनी ज्युरीला समजावून दिला, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारचा द्वेष करायची गरजच नाही, नुसतं प्रेम नसलं तरी पुरे! नऊपैकी सहा युरोपियन ज्युरर म्हणाले दोषी, तीन देशी म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

आता हा अर्थ शब्दशः अमलात आणला असता, तर उत्पन्नाच्या दाखल्यासारखा प्रेमाचा दाखला निघाला असता. बियाण्याच्या अनुदानाला 'अर्जदाराचे शासनावर प्रेम आहे' असं प्रतिज्ञापत्र. दाखल्याची मुदत एक वर्ष, कारण प्रेम आटतं. आणि सर्व्हर डाऊन.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलम १२४ अ दुरुस्त केलं आणि द्वेष, तुच्छता वगैरे शब्द घालून ते आणखी ऐसपैस केलं. दहा वर्षांनी त्याच कलमाखाली टिळक पुन्हा उभे राहिले. या वेळी 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत', हे १९०८ च्या मे-जूनमधले दोन अग्रलेख.

दुसरा मथळा आज आमच्या तालुक्यात छापला, तर दुपारपर्यंत बांधकाम खात्याचा खुलासा येईल की सदर उपायांचा दोषदायित्व कालावधी संपलेला आहे. टिळकांना मिळाली सहा वर्षं, हजार रुपये दंडासह. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये जामिनासाठी टिळकांचेच वकील होते! आणि ज्या लेखांवरून हे सगळं, ते मराठीत. बहुसंख्य ज्युरर गोरे. भांडण चाललं ते भाषांतरावर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराला एकेका शब्दावरून धारेवर धरलं, मग स्वतः एकवीस तास बोलले. सात विरुद्ध दोन. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. त्यातल्या किती कामगारांना अग्रलेख वाचता येत असेल?

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो १९१८ चा मथळा. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा अहवाल आला आणि टिळकांनी विचारलं, 'उजाडले, पण सूर्य कोठे आहे?' याला सरकारने उत्तर दिलं असतं तर ते बहुतेक असं असतं: "सूर्य तत्त्वतः मंजूर असून निधीअभावी प्रलंबित आहे." विनोद म्हणून लिहिलंय, पण १९१९ चा कायदा काढून बघा. खात्यांची वाटणी झाली. शिक्षण, आरोग्य, नगरपालिका या सोपीव खात्यांत, आपल्या मंत्र्यांकडे. पोलीस आणि पैसा राखीव, गव्हर्नरकडे. उजेड सोपीव, सूर्य राखीव.

कलम १२४ अ मात्र साहेब गेला तरी गेलं नाही. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवून ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. कलम १५२ आहे. ते एकदा शांतपणे वाचा, आणि वाचताना स्ट्रॅची साहेबांची आठवण ठेवा.

आमच्याकडे हल्ली मथळे असतात 'प्रशासनाचे दुर्लक्ष', 'नागरिकांत संताप', 'कारवाईची मागणी'. शेवटी पूर्णविरामसुद्धा नसतो. खाली अर्धं पान जाहिरात, ज्याच्यावर संताप त्याच्याच वाढदिवसाची. गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका पाणी योजनेच्या बातमीला मी मथळा दिला होता, 'टाकी झाली, पाणी कोठे आहे?' छापून आला तेव्हा झाला होता 'टाकीचे काम पूर्ण'.