किशोर-रहस्यकथा: संशय घेण्याचा अधिकार कुणाचा?



आजचा विषय वरवर हलका वाटेल. किशोरवयीन मुलांच्या रहस्यकथा, आणि त्यातही एकाच प्रकारची कथा आपण घेणार आहोत. छोट्या गावात कुणाचा तरी मृत्यू होतो. मोठी माणसं ‘अपघात’ म्हणून किंवा ‘आत्महत्या’ म्हणून विषय मिटवतात. एका १३-१४ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मात्र वाटत राहतं की यात काहीतरी गडबड आहे. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचे ढीग आहेत. मराठीत रहस्यकथा उदंड झाली, मुलांची साहसकथाही झाली, पण या दोन्हींचा असा संगम फारसा झाला नाही. तो का झाला नाही, हा आपला प्रश्न. आम्हाला असं दिसतं की याचं उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात थोडं आहे आणि कायद्याच्या इतिहासात जास्त.

आधी या कथेचं मूळ पाहू. मार्क ट्वेनची ‘टॉम सॉयर’ १८७६ साली आली. आपण ती खोडकर मुलाची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. पण तिचा कणा काय आहे? नदीकाठचं लहान गाव. रात्री स्मशानात डॉक्टरचा खून होतो आणि दोन मुलं तो लपून पाहतात. आळ येतो गावातल्या एका दारुड्यावर, आणि सगळं गाव तो खरा मानतं. सत्य फक्त दोन मुलांना ठाऊक असतं, आणि बोलायची त्यांना भीती वाटते. शेवटी टॉम कोर्टात उभा राहून साक्ष देतो. या प्रकारच्या कथेचा सगळा ऐवज इथे आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: खरा खुनी निघतो तोही गावाने आधीपासून परका मानलेला माणूस. गावातले प्रतिष्ठित लोक सहीसलामत राहतात. या मुद्द्याकडे आपण परत येऊ.

आता आपल्याकडे येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुढे डोंबिवली वाढली ती नोकरदारांची वस्ती म्हणून, आणि तिथेही वाचनालयं रुजली. रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारा वाचक आणि घरपोच पुस्तक देणारी लायब्ररी, या जोडीवर रहस्यकथा जगली. गाडीत सुरू करावी आणि दोन दिवसांत परत करावी, अशी ती चीज.

या वाचकाचे राजे म्हणजे बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनावात अर्नाळा आहे, म्हणजे वसई तालुक्यातलं, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेलं गाव. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ ही नावं आजही जुन्या वाचकांचे डोळे चमकवतात. पण गंमत पाहा: लेखकाच्या नावात समुद्रकाठचं गाव आहे आणि कथा मात्र मुंबईच्या. रहस्याला महानगर लागतं, गावात कसलं आलंय रहस्य, गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, हे गृहीतक तेव्हापासून पक्कं झालं.

मुलांसाठी ही वाट भा. रा. भागवतांनी उघडली. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. सायकल, चौकड्याचा शर्ट आणि तोंडात ‘ट्टॉक’. मराठी मुलांना पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखा काटकुळा पोरगासुद्धा मोठ्यांच्या आधी निष्कर्षाला पोचू शकतो. हे भागवतांचं ऋण मोठं आहे. पण फेणे ज्यांच्या मागे लागतो ते बहुतेक चोर, तस्कर, हेर, बदमाश. संकट बाहेरून येतं, फेणे ते परतवतो, आणि आपली माणसं आपलीच राहतात. घरातल्या किंवा आळीतल्या मृत्यूकडे बोट दाखवायची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी १९६५ पासून मुलांच्या ‘संदेश’ मासिकात फेलूदा लिहिला आणि त्यात खून आणले. पण तिथे डोकं चालवणारा फेलूदा प्रौढ आहे, किशोरवयीन तोपशे गोष्ट सांगतो. मृत्यू आला, पण संशय घेण्याचं काम मोठ्यांकडेच राहिलं.

आता कायद्याकडे वळू. संशयित मृत्यूची चौकशी कुणी करायची? मुंबई शहरासाठी १८७१ च्या कायद्याने कोरोनर होता. त्याचं न्यायालय असे, मृत्यूच्या कारणाची तिथे उघड चौकशी होई. हे पद १९९९ मध्ये रद्द झालं. पण खाडीच्या अलीकडे, ठाणे-कल्याणात, ते कधी नव्हतंच. इथे आणि उरलेल्या महाराष्ट्रात मृत्यूची वर्दी पोलीस पाटलाने द्यायची, पोलिसांनी जागेवर जायचं, ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करायची आणि पंचनामा करायचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ हेच सांगत होतं. २०२४ च्या जुलैपासून त्याची जागा नव्या संहितेतल्या कलम १९४ ने घेतली आहे. पंच कोण असावेत? परिसरातले दोन किंवा अधिक ‘प्रतिष्ठित’ रहिवासी.

या ‘प्रतिष्ठित’ शब्दावर जरा थांबू. लहान गावात प्रतिष्ठित कोण असतं? जमीनजुमलेवाला, सोसायटीचा चेअरमन, पाटलाच्या नात्यातला. वंशपरंपरेची पाटीलकी १९६३ च्या आरंभी कायद्याने संपली, १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा नेमलेला माणूस झाला. कागदावर हा मोठा बदल. पण मृतदेहाशेजारी उभं राहून ‘आम्ही पाहिलं’ अशी सही करणारे डोळे अजून गावातल्या वजनदार माणसांचेच. मृत्यूमागे त्यांच्यापैकीच कुणी असेल तर?

याच कायद्याच्या शेजारी एक वेगळी वस्तू आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११८ साक्षीदार कोण होऊ शकतो ते सांगत होतं. तिथे प्रतिष्ठेची अट नव्हती, वयाचीही किमान मर्यादा नव्हती. प्रश्न समजून नीट उत्तर देता आलं की मूलही साक्षीदार होतं. नव्या साक्ष अधिनियमातही हेच तत्त्व कायम आहे. म्हणजे पंच व्हायला वजन लागतं, साक्षीदार व्हायला समज पुरते. आम्हाला वाटतं, किशोर-रहस्यकथा नेमकी या दोन कलमांच्या मधल्या जागेत राहते. पंचांनी सही केली आहे, आणि ज्याला कुणी विचारलंच नाही अशा एका मुलाने काहीतरी वेगळं पाहिलं आहे.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, म्हणून न्यायदर्शनातलं थोडं सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत ‘संशय’ हा एक. संध्याकाळच्या अंधुक उजेडात समोर काहीतरी उभं दिसतं: खुंट आहे की माणूस? हे त्याचं नेहमीचं उदाहरण. संशयाला तिथे पाप म्हटलेलं नाही. संशय नसेल तर चौकशीलाच कारण उरत नाही, आणि ‘निर्णय’ हा पदार्थ यादीत बराच पुढे येतो. त्याच दर्शनात शब्दप्रमाण आहे: आप्ताचं वचन. तिथे आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा विश्वासू माणूस. आणि मराठीत आप्त म्हणजे? नातेवाईक! शब्दाचा हा प्रवास फार बोलका आहे. गावात विश्वासाचा माणूस आणि नात्याचा माणूस एकच होऊन बसतात. आपल्या माणसावर संशय घेणं ही चौकशी राहत नाही, ती फितुरी ठरते. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला चोराच्या मागे पळवणं लेखकाला सोपं जातं. चुलत्याकडे संशयाने पाहायला लावणं कठीण.

आणि हे किती महाग पडलं ते पाहा. ‘पाय घसरून विहिरीत पडली’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’: तरुण सुनांच्या मृत्यूची ही ठरीव वाक्यं एका पिढीने वर्तमानपत्रात रोज वाचली. शेवटी १९८३ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनाची आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूद आली. १९८६ मध्ये हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा झाला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आप्तांचा शब्द इथे पुरेसा नाही, असं कायद्याला लिहून ठेवावं लागलं. ज्या घरांत हे घडलं त्या घरांत धाकटे दीर होते, नणंदा होत्या, शेजारची शाळकरी मुलं होती. त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं, हे सांगणारी किशोर-कादंबरी आपल्याकडे रुजायला हवी होती.

एक पाऊल पडलं, पण ते पडद्यावर. २७ ऑक्टोबर २०१७ ला, भागवतांच्या स्मृतिदिनी, आदित्य सरपोतदार यांचा ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. बनेश आता मोठा आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला. तिथे ओळख झालेला शेतकऱ्याघरचा एक मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटतं, आणि बनेशला ते पटत नाही. पुढे उलगडतो तो परीक्षेतला काळाबाजार. यातला खलनायक कुणी परका हेर नाही. गल्लीत दबदबा असलेला, याच मातीतला माणूस आहे. फेणेची ‘ट्टॉक’ तीच, पण बोट पहिल्यांदा आत वळलं.

आता दुसरी बाजू, नाहीतर आमचं म्हणणं अर्धवट राहील. मुलांना संशय घ्यायला शिकवायचं म्हणजे कुजबूज शिकवायची का? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. तोही संशयच होता. पण तो परक्यावरचा, स्वस्त, आणि एकदाही तपासून न पाहिलेला. गुन्हेगार नेहमी वेशीबाहेरचा असतो ही समजूत गोष्टीत करमणूक करते, रस्त्यावर जीव घेते.

म्हणून संशयाइकतंच त्याचं पथ्यही हवं. ते आपल्या न्यायालयांनी फार चांगलं सांगितलं आहे, तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यांत. १९७३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ‘केला असेल’ आणि ‘केला असलाच पाहिजे’ यांत मोठं अंतर आहे. १९८४ मध्ये एका तरुण विवाहितेच्या विषप्रयोगाने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात त्याच न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि आरोपीला सोडलं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसू शकत नाही. मराठी क्रियापदात हा फरक आपल्याला आयता मिळाला आहे: ‘असेल’, ‘असावा’, ‘असलाच पाहिजे’, ‘आहे’. चांगली रहस्यकथा मुलाला या चार पायऱ्या एकेक करून चढायला लावते. मधली पायरी गाळली की तो उलटा पडतो. हे शिक्षण तर्कशास्त्राच्या क्रमिक पुस्तकापेक्षा गोष्टीतून लवकर होतं, असा आमचा अनुभव आहे.

आणि अशा कथेला जागा शोधत लांब जायला नको. डोंबिवलीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलेली २७ गावं पाहा. १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत. गाव म्हणावं की शहर, हे सरकारलाही ठरवता आलेलं नाही. एकीकडे टॉवर, दुसरीकडे भातशेतीचे शेवटचे तुकडे, जमिनीला सोन्याचा भाव. सगळे एकमेकांना ओळखतात, आणि रोज नवे अनोळखी लोक राहायला येतात. इथल्या शाळेतल्या मुलीला आपल्या गावकुसाच्या आतलं एक न पटणारं मरण दिसलं तर ती काय करेल, कुणाला सांगेल, तिचं कोण ऐकेल? ही कादंबरी आपल्यापैकी कुणा तरुणाने लिहावी. आणि घरात असं मूल खरोखरच काही सांगायला आलं, तर ‘तू लहान आहेस, गप्प बस’ म्हणण्याआधी पुरावा कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी त्याला दिलेली जागा आपण आठवू या. आधी त्याचं ऐकू, मग त्याला विचारू: हे तू पाहिलंस, की तुला असं वाटलं?

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.