दासबोधातील तापनिरूपण आणि किशोरांचे वेदनाशिक्षण

दुखणे आहे, परंतु तपासणीत दोष आढळत नाही, अशा वेळी रुग्णाच्या सांगण्याला कितपत प्रमाण मानावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील जुना प्रश्न होय. रुग्ण किशोरवयीन असल्यास तो अधिकच बिकट होतो. मुलाची डोकेदुखी हे शाळा बुडविण्याचे निमित्त आणि मुलीची कंबरदुखी हा नाजूकपणा, असा निकाल वडीलधाऱ्यांकडून सहज दिला जातो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस आज दीर्घकालीन वेदना अशी संज्ञा आहे. अशा रुग्णास वेदना कशी निर्माण होते हे समजावून सांगणे हा उपचाराचाच एक भाग मानण्याची पद्धती अलीकडील दोन-तीन दशकांत रूढ होत आली आहे. सामान्य जनांस दुःखाची फोड करून सांगण्याचा एक जुना मराठी प्रयत्न मात्र जालना जिल्ह्यात जन्मलेल्या ग्रंथकाराचा आहे. त्या प्रयत्नाचा नव्या शिक्षणाशी काय संबंध पोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहावा, सातवा व आठवा हे समास अनुक्रमे आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक तापांचे निरूपण करतात. ही त्रयी रामदासांची स्वतःची नव्हे. सांख्यकारिकेचा आरंभच दुःखत्रयाने होतो, आणि वाचस्पतिमिश्राने आपल्या टीकेत आध्यात्मिक दुःखाचे शारीर व मानस असे दोन भेद केले आहेत. रामदासांचे वैशिष्ट्य मांडणीत आहे. देह, इंद्रिये व प्राण यांच्या योगाने भोगावे लागते ते आध्यात्मिक, अशी व्याख्या करून त्यांनी खरूज, नारू, देवी, गोवर, उचकी, खोकला अशी लोकांच्या तोंडची नावे एकापाठोपाठ एक दिली, आणि त्याच यादीत मनात उपजणारे भय व चित्ताची अस्थिरता यांनाही बसविले. ठेच, काटा, शस्त्राचा घाव ही बाहेरून येणारी दुःखे पुढील समासात, आधिभौतिकात, गेली.

या विभागणीतून एक गोष्ट निष्पन्न होते. येथे शरीराची व्यथा आणि मनाचे भय यांच्यामध्ये भिंत नाही. भिंत आहे ती आतून उद्भवणाऱ्या आणि बाहेरच्या आघाताने होणाऱ्या दुःखांमध्ये. घाव नसेल तर दुःख खोटे, हा निष्कर्ष या वर्गीकरणातून निघू शकत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही मन आणि सेंद्रिय देह हे वेदनेचे अधिष्ठान सांगितले असून केस, नखांची टोके आदी वगळली आहेत. तेथे वेदना या शब्दात सुख व दुःख दोन्ही येतात. विद् म्हणजे जाणणे, या धातूपासून तो सिद्ध झाला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची व्याप्ती उलगडते.

रामदासांचा युरोपातील समकालीन देकार्त याने वेगळी वाट धरली. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘मानव’विषयक ग्रंथात (फ्रेंच आवृत्ती १६६४) आगीजवळ पाय गेलेल्या मनुष्याचे चित्र आहे. दोरी ओढताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी पायाची इजा मेंदूस कळते, असे त्याचे प्रतिपादन होते. इजा जेवढी, वेदना तेवढी, हा पुढे दृढ झालेला समज याच प्रतिमेवर पोसला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैद्य बीचर यास गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुसंख्य वेदनाशामक मागत नाहीत असे आढळले. ते निरीक्षण त्याने १९४६ साली प्रसिद्ध केले. १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी द्वारनियंत्रणाचा सिद्धांत मांडला. पृष्ठरज्जूत जणू एक द्वार असून मेंदूकडून येणाऱ्या प्रेरणाही ते उघडतात वा मिटतात, हे त्याचे सार. पृष्ठरज्जूतील मज्जापेशी इजेनंतर अतिसंवेदनशील होतात, हे वुल्फ याने १९८३ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले. परंतु घंटा व दोरी यांची प्रतिमा मागे पडली ती कायमची.

बटलर व मोझली यांचे वेदना समजावून सांगणारे पुस्तक २००३ मध्ये निघाले आणि हे ज्ञान रुग्णांपर्यंत नेण्यास वळण मिळाले. या शिक्षणाचे मर्म मराठी मुलास शेतावरील दृष्टांताने सांगता येईल. राखणीचा कुत्रा चोर आला की भुंकतो. पण एकदा चोरी होऊन गेल्यावर तो पाचोळा वाजला तरी भुंकू लागतो. भुंकणे खरे असते, चोर मात्र नसतो. कुत्र्याला मारून उपयोग नाही. त्याला पुन्हा निर्धास्त करावे लागते. म्हणून शिक्षणाच्या जोडीला क्रमाक्रमाने वाढविलेली हालचाल, पुरेशी झोप आणि शाळेत परतणे यांना महत्त्व येते. पोर्तुगालमध्ये मानदुखी असलेल्या किशोरांना शाळेतच असे शिक्षण व व्यायाम देऊन केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलांवरील असे अभ्यास अद्याप थोडे व लहान आहेत. केवळ समजावण्याने दुखणे जाते, असा दावा त्यांवरून करता येत नाही. क्षय, सांधेविकार यांसारखी कारणे आधी तपासून घेणेही अटळच.

आता प्रश्न उरतो तो स्थानिक व्यवस्थेचा. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वर्षे वयोगटासाठी पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व इजा, व्यसने आणि असंसर्गजन्य रोग असे सहा विषय ठरविले. दीर्घकालीन वेदना त्यांत स्वतंत्रपणे नाही. शरीर आणि मन या दोन खात्यांच्या मध्ये ती पडते, आणि रुग्णही तिच्याबरोबर मध्येच अडकतो.

रामदासांना आधुनिक मज्जाशास्त्राचे पूर्वसूरी ठरविणे अर्थातच अनैतिहासिक होईल. त्यांचे प्रयोजन रोगनिवारण नसून वैराग्य होते. शिवाय सांख्यटीकेत यक्षराक्षस, ग्रह इत्यादींकडून येणारे मानलेले आधिदैविक दुःख त्यांनी शुभाशुभ कर्मांच्या मरणोत्तर फळांकडे, विशेषतः यमयातनेकडे वळविले. आठव्या समासातील हा विचार मृत्यूनंतरच्या भोगांविषयीचा आहे. जिवंत मुलाच्या दुखण्यास शिक्षेचा अर्थ चिकटविण्यास तो आधार होऊ शकत नाही, हे शिक्षकाने जाणूनच परंपरेला हात घातला पाहिजे. सहाव्या समासाची गोष्ट वेगळी. जखम न दाखवता येणाऱ्या दुःखालाही तेथे नाव आहे, आणि ते नाव भयाच्या शेजारी असूनही खोटे ठरत नाही. तपासणीचा कागद निर्दोष निघाल्यावर मान खाली घालून बसलेल्या मुलास पहिल्या भेटीत नेमके हेच सांगावयाचे असते. आणि ते सांगण्यासाठी जांबच्या परिसरातील शिक्षकास परकी भाषा शोधण्याचे कारण नाही.