वेगाला वेसण

पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवलेला शास्त्रज्ञ गतिरोधक बांधतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. क्ष-किरणांवरील संशोधनासाठी १९२७ साली नोबेल मिळालेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे, आपल्या विद्यापीठाच्या आवारात, मोटारींचा वेग रोखणारे उंचवटे तयार केले.

त्याच दशकात हॉलंडचे मोटार-शर्यतपटू मॉरिस गात्सोनिडेस यांनी वेगमापक बनवला. रस्त्यावर ठरावीक अंतरावर दोन रबरी नळ्या. पहिलीवरून चाक गेले की घड्याळ सुरू, दुसरीवरून गेले की बंद. अंतर भागिले वेळ! शर्यतीत वेग वाढवण्यासाठी केलेले हे यंत्र पुढे कॅमेरा आणि रडारची जोड मिळून वेग रोखण्याच्या कामी आले.

मात्र कॅमेरा वेग नोंदवतो तो मर्यादा ओलांडल्यावर. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. संतप्त पालकांनी चळवळ उभारली. डेल्फ्ट शहरातील काही गल्ल्यांत तर त्याआधीच रस्त्याची सरळ रेषा मोडून झाडे आणि वळणे आणली होती. चालकाला आपोआपच वेग कमी करावा लागे. १९७६ साली अशा ‘वूनेर्फ’ रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली.

एवढा खटाटोप कशासाठी? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असला, तर ती सुमारे २.८ पट होते. आपल्या शाळेसमोरून वाहने किती वेगाने जातात? आवाराच्या आत उभे राहून, दोन खांबांमधील अंतर आणि घड्याळ यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना ते सहज मोजता येईल.