अर्ध्या तासाचे रक्त

शरीराबाहेर काढलेले रक्त लगेच थांबत नाही. सिरिंजमध्ये आल्यावरही त्यातल्या पेशी, विशेषतः पांढऱ्या पेशी, प्राणवायू वापरत राहतात. म्हणून मनगटाच्या धमनीतून घेतलेले एबीजीचे (आर्टेरिअल ब्लड गॅस, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) सॅम्पल अर्ध्या तासाच्या आत तपासायचे असते. पैठणहून छत्रपती संभाजीनगर सुमारे 50 किलोमीटर. साखरेचे किंवा थायरॉइडचे रक्त कुणाच्याही हाती शहरातल्या लॅबला पाठवता येते. एबीजीचे पाठवता येत नाही. एक तर दम लागलेल्या माणसाने यंत्रापर्यंत जायचे, म्हणजे बहुतेक वेळा शहरातले सरकारी घाटी रुग्णालय गाठायचे, किंवा यंत्राने माणसापर्यंत यायचे. ब्लड गॅस अॅनालायझरच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत हा दुसरा पर्याय हळूहळू शक्य होत गेला.

सुरुवात दवाखान्यात झाली नाही. जर्मनीत 1906 मध्ये माक्स क्रेमर यांच्या लक्षात आले, की काचेच्या अगदी पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी आम्लता असली तर दोन्हींत विद्युतदाबाचा फरक पडतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 1909 मध्ये सोरेन्सन यांनी आम्लतेसाठी पीएचची मोजपट्टी दिली. आजच्या यंत्रातले पीएचचे इलेक्ट्रोड या दोघांचे वंशज आहे. मात्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा तर व्हॅन स्लाइक यांच्या पाऱ्याच्या उपकरणाशी झटापट करावी लागे. त्याला वेळ लागे, सराव लागे, आणि तोवर रुग्णाची अवस्था बदललेली असे.

या शास्त्राला घाई शिकवली ती पोलिओने. कोपनहेगनमध्ये 1952 च्या उन्हाळ्यात मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते आणि डोके सोडून सगळे शरीर आत घेणारे लोखंडी फुप्फुस होते फक्त एक. श्वास बंद पडू लागलेल्या दहांतले आठ-नऊ रुग्ण दगावत. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण खूप वाढलेले दिसे आणि डॉक्टर त्याचा अर्थ लावत, रक्त अल्कधर्मी झाले आहे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की हा वायू बाहेरच पडत नाही, म्हणून साठतो आहे; रक्त अल्कधर्मी नाही, आम्ल आहे. दोन अगदी उलटे अर्थ, आणि दोघांचा आधार एकच आकडा! निवाडा फक्त पीएच मोजून होणार होता. प्रयोगशाळेचे प्रमुख पौल आस्ट्रुप यांनी तो मोजला, आणि इब्सेन बरोबर ठरले.

27 ऑगस्टला इब्सेन यांनी 12 वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेत छिद्र करून घेतले, नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायला सुरुवात केली. ती वाचली. पुढचे कित्येक महिने सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याखाली आले. पण पिशवी किती जोराने आणि किती वेळा दाबायची? कमी पडली तर वायू साठतो, जास्त झाली तर नको इतका निघून जातो. हे बाहेरून पाहून कळत नाही, रक्तच सांगू शकते. ब्लड गॅसची तपासणी रोजच्या उपचाराचा भाग झाली ती या गरजेतून, आणि अतिदक्षता विभागाची कल्पनाही इथलीच. दोन्ही एकाच साथीत जन्मलेली भावंडे आहेत.

पुढची तीन पावले अमेरिकेत पडली. ओहायोतले रिचर्ड स्टो हेही पोलिओच्या रुग्णांसाठीच धडपडत होते. 1954 मध्ये त्यांनी पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडवर रबरी हातमोज्याचा पातळ पडदा ताणला आणि मध्ये शुद्ध पाण्याचा थर ठेवला. रबरातून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, पाणी आम्ल होते, आणि ती आम्लता मोजली की वायू किती ते कळते. यंत्राचा आकडा मात्र स्थिर राहीना. भूलतज्ज्ञ जॉन सेव्हरिंगहाऊस यांनी त्या पाण्यात थोडा खायचा सोडा घातला आणि आकडा ठरला.

त्याच वर्षी लेलंड क्लार्क यांनी प्राणवायूचा प्रश्न सोडवला. हृदयशस्त्रक्रियेसाठी रक्तात प्राणवायू मिसळणारे यंत्र त्यांनी बनवले होते, पण त्यातून निघणाऱ्या रक्तात प्राणवायू नेमका किती हे दाखवता येईना. उघडी प्लॅटिनमची तार रक्तात बुडवली की प्रथिनांचा थर चढून ती निकामी व्हायची. क्लार्क यांनी तारेसोबत संदर्भ-इलेक्ट्रोडही एकाच प्लास्टिकच्या पडद्याआड बंद केले. प्राणवायू पडद्यातून आत जातो, प्लॅटिनमवर खर्ची पडतो, आणि जितका खर्ची पडेल तितका विद्युतप्रवाह वाहतो. सेव्हरिंगहाऊस यांनी पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू, तिन्ही इलेक्ट्रोड 37 अंशांच्या पाण्यात एकत्र बसवले. हाच पहिला ब्लड गॅस अॅनालायझर. आपोआप चालणारे पहिले यंत्र, एबीएल-1, कोपनहेगनच्याच रेडिओमीटर कंपनीने 1973 मध्ये आणले.

एवढे असूनही एक प्रश्न उरतो, आणि पैठण तालुक्यासारख्या शेतीच्या मुलखात तो फार मोलाचा आहे. वरची तिन्ही इलेक्ट्रोडे रक्ताची आम्लता आणि त्यात विरघळलेले वायू मोजतात. पण प्राणवायूची खरी वाहतूक हिमोग्लोबिन करते, आणि हिमोग्लोबिनच बिघडले असेल तर?

कपाशीला आणि भाजीपाल्याला फुले जास्त लागावीत म्हणून ‘टॉनिक’ म्हणून जी रसायने विकली जातात, त्यांतल्या काहींत नायट्रोबेंझीन असते. ते पोटात गेले, की हिमोग्लोबिनमधले लोह बदलते आणि मेथहिमोग्लोबिन तयार होते. ते प्राणवायू उचलत नाही. रक्त चॉकलेटी दिसते, ओठ-नखे निळी पडतात, आणि ऑक्सिजन लावूनही निळेपणा हटत नाही. एबीजीच्या कागदावर प्राणवायूचा दाब मात्र उत्तम. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कोविडमध्ये गावागावात पोचला, पण तो इथे फसतो. त्याच्याकडे प्रकाशाचे दोनच रंग असतात, म्हणून तो दोनच प्रकारचे हिमोग्लोबिन ओळखू शकतो. मेथहिमोग्लोबिन खूप वाढले की त्याचा आकडा 85 च्या आसपास अडकून बसतो. गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडलेल्या माणसाचा तर तो जवळजवळ निरोगी आकडा दाखवतो.

इथे को-ऑक्सिमीटर लागतो. त्याचे मूळ 1860 च्या दशकात आहे. जर्मनीत होप-सायलर आणि इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी रक्तातून प्रकाश सोडला आणि त्याच्या वर्णपटात काळे पट्टे पाहिले. प्राणवायू काढून घेतला की ते पट्टे बदलतात हे स्टोक्स यांनी 1864 मध्ये दाखवले. शतकभराने अमेरिकेतल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरी या कंपनीने त्याच तत्त्वावर दवाखान्यात चालेल असे यंत्र बनवले. हल्ली ते ब्लड गॅसच्या पेटीतच बसवलेले असते. रक्ताच्या थेंबातल्या तांबड्या पेशी ध्वनिलहरींनी किंवा रसायनाने फोडतात, त्यातून कितीतरी तरंगलांबींचा प्रकाश सोडतात, आणि साधे, प्राणवायूचे, कार्बन मोनॉक्साइडचे व मेथ अशा चारही हिमोग्लोबिनांचा हिशेब वेगवेगळा मिळतो. नायट्रोबेंझीनवर मेथिलिन ब्लू हे औषध आहे, पण ते स्वतःच गडद निळे असल्याने यंत्राचे आकडे बिघडवते. म्हणून पहिले सॅम्पल औषधाच्या आधी घेतलेले बरे.

यंत्र कितीही हुशार असले तरी ते नाजूक असते. त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे क्लॉट. सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारे हेपॅरिन नीट मिसळले नाही, की रक्ताची बारीकशी गुठळी नळीत जाऊन बसते आणि टेक्निशियनचा तास त्यातच जातो. हेपॅरिन जास्त झाले तर रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर प्राणवायूचा आकडा खोटा येतो. पडद्यावर प्रथिने साचतात, ती ठरलेल्या द्रावणाने धुवावी लागतात. पडदा सैल झाला की बदलावा लागतो. यंत्र ठरावीक वेळाने स्वतःचे कॅलिब्रेशन करते, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) बंद कुप्या रोज फोडून यंत्र खरे बोलते का, ते पाहावे लागते. कुपी फोडल्यावर लगेच वापरली नाही तर बाहेरची हवा तिचेही आकडे बदलते.

हवेचा दाबही यात येतो. पैठणचा नाथसागर जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी 1522 फूट असते, हे पैठणकरांना तोंडपाठ आहे. गाव त्याहून थोडे खाली. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या 760 ऐवजी पाऱ्याच्या 720 मिलिमीटरच्या आसपास असतो. कॅलिब्रेशनच्या वायूतल्या प्राणवायूचा दाब यावरूनच निघतो, म्हणून यंत्रात बॅरोमीटर असते. ते चुकले की प्राणवायूचा प्रत्येक रिपोर्ट चुकतो, आणि कागदाकडे पाहून ते कुणाच्याही लक्षात येत नाही.

मोठे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. सॅम्पल आले नाही तरी द्रावणे संपत राहतात. दिवसाला चार-दोन तपासण्या होणाऱ्या दवाखान्याला ते परवडत नाही. 1990 च्या दशकात आलेल्या हाती धरायच्या यंत्रांनी यावर तोड काढली: सगळी इलेक्ट्रोडे एका कार्ट्रिजमध्ये, एका रुग्णाला एक कार्ट्रिज, मग ते टाकून द्यायचे. कार्ट्रिज महाग पडते, बहुतेकांना फ्रिज लागतो, आणि साध्या प्रकारात को-ऑक्सिमीटर नसतो. तरी छोट्या दवाखान्यासाठी हाच खरा मार्ग आहे.

तालुक्याच्या गावी अतिदक्षता जमत नाही, हा समज बारामतीच्या डॉक्टरांनी केव्हाच खोडला आहे. तिथल्या एका खासगी रुग्णालयात फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झालेल्या 200 रुग्णांवर प्रॅलिडॉक्झिम या औषधाची चाचणी झाली आणि ती 2006 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. औषध सलग दिलेल्या गटात मृत्यू 1 टक्का, ठरावीक वेळाने दिलेल्या गटात 8. पैठणच्या कपाशीवर आणि मोसंबीवरही फवारणी होतेच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला को-ऑक्सिमीटरसह ब्लड गॅसचे यंत्र मिळावे, आणि त्यासोबत द्रावणे, क्यूसीच्या कुप्या, वार्षिक देखभालीचा करार व प्रशिक्षित टेक्निशियन यांचा पैसा दरवर्षी अंदाजपत्रकात धरावा, ही मागणी ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत व्हायला हवी. तोवर, फवारणीच्या किंवा टॉनिकच्या औषधाची बाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना त्या औषधाची बाटली सोबत न्यावी आणि लेबल डॉक्टरांना दाखवावे.