एक डॉलर पगाराचा राखणदार

फ्लोरिडात इंडियन रिव्हर आहे. नावात नदी, पण खरं तर ती समुद्राला समांतर पसरलेली खारी खाडी. तिच्यात, सेबॅस्टियन गावाजवळ, पेलिकन आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. लेकीकडे गेले होते तेव्हा किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहिलं. कांदळवनावर तपकिरी पेलिकनांची दाटी. पेलिकन म्हणजे आपला झोळीवाला, पण हा तिथला भाऊबंद उंचावरून थेट पाण्यात सूर मारतो. जावईबापू म्हणाले, "आई, अमेरिकेतल्या सरकारी अभयारण्यांची सुरुवात इथून झाली." मग काय, मास्तरीण ती मास्तरीणच! घरी येऊन वाचत बसले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांवर पिसं खोवायची फॅशन होती. बगळ्यांना सुंदर पिसं येतात ती विणीच्या हंगामात. म्हणजे मारले जायचे ते आईबाप, आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरायची. पेलिकनांवर तर लोक बोटीतून जाताजाता, निव्वळ गंमत म्हणूनही गोळ्या झाडत.

बेटासमोर पॉल क्रोगेल हा होड्या बांधणारा जर्मन माणूस राहायचा. कोणी सांगितलं नव्हतं, तरी हा बंदूक घेऊन होडीतून जायचा आणि बेटाच्या आड उभा राहायचा. फ्रँक चॅपमनसारख्या पक्षीतज्ज्ञांनी वरपर्यंत खटपट केली आणि १४ मार्च १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हे साडेपाच एकरांचं बेट राखीव केलं. क्रोगेल राखणदार झाला. पगार महिना एक डॉलर! तोही सरकारी तिजोरीतून नव्हे, पक्षीप्रेमींच्या ऑडुबॉन संस्थेकडून.

हे काम गमतीचं नव्हतं. १९०५ साली दक्षिण फ्लोरिडात गाय ब्रॅडली या दुसऱ्या राखणदाराला पक्षी मारणाऱ्याने गोळी घातली. मागे बायको आणि दोन लहान मुलं. ज्युरीने मारेकऱ्यावर खटलासुद्धा चालू दिला नाही.

१९१८ साली, महायुद्धाच्या टंचाईत, पेलिकन आमचे मासे खातात अशी कोळ्यांची ओरड झाली. बेटावर शिरून कोणीतरी चारशेंहून अधिक पिल्लं दांडक्यांनी ठेचली. तपासात निघालं काय, तर पेलिकन खातात ते बहुतेक मासे माणूस खातच नाही.

कायदा होता, सही होती, पाटी होती. तरीही पिल्लं मेली. वाचताना मनात आलं, कागद रात्री पहाऱ्याला उभा राहत नाही, तिथे माणूसच लागतो.

आज अमेरिकेत अशी साडेपाचशेंहून जास्त अभयारण्यं आहेत. मनोऱ्याकडे जाणाऱ्या लाकडी वाटेच्या फळ्यांवर त्यांची नावं कोरली आहेत. रुझवेल्ट पाठ्यपुस्तकात भेटतात, क्रोगेल भेटत नाही. म्हणून नातवंडांसाठी इथे लिहून ठेवलं. त्यांना सही करणारा ठाऊक होईलच, राखणाराही ठाऊक असावा.